सरकारी खर्चाची काटछाट व कायदेमंडळाचे अधिकार

सरकारचा खर्च वर्षानुवर्षें वाढत जातो आणि ज्यांस आपण निवडून पाठवितों ते सभासद त्याला कात्री लावीत नाहींत, ही तक्रार हल्लीं ज्याच्या त्याच्या तोंडीं ऐकूं येते. तक्रार खोटी नाहीं. परंतु तिचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें आढळतें कीं, हें एकच गाऱ्हाणें निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या अर्थानें केलें गेलें आहे. आणि तो भेद ध्यानांत न घेतल्यामुळें जुन्या सभासदांवर नसता दोष येतो व नव्यांस नसती सवलत मिळते. खर्च कमी व्हावा अशी इच्छा कोणास होती, हा प्रश्न दुय्यम आहे. खर्चाच्या कागदावर ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातीं होता, हा पहिला प्रश्न. या दृष्टीनें या विषयाचीं साधनें कशीं वाचावीं, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणासाठीं आम्ही रत्नागिरीचा किनारा घेतों. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्रालगतच्या रस्त्यानें निघालें म्हणजे आरे व वारे हीं दोन गांवें लागतात. दोहोंचें नांव आतां एका दमांतच घेतलें जातें. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास समुद्र, मध्यें सुरूचीं झाडें. हल्लीं हौशी प्रवासी येथें सूर्यास्त पाहावयास थांबतात. अशा ठिकाणाचा कलकत्त्यास भरणाऱ्या कायदेकौन्सिलाशीं काय संबंध, असें वाचकांस वाटेल. संबंध मिठाचा आहे.

किनाऱ्यावर मासळी टिकवावयाची तर ती मीठ लावून वाळवावी लागते. म्हणून दर्यावर्दी जातींस मीठ हें जेवणांत जितकें, तितकेंच धंद्यांतहि लागे. परंतु समुद्र दारांत असूनहि खारें पाणी आटवून मीठ करण्याची कोणास मोकळीक नव्हती. मिठावर इंग्रज सरकारचा कर होता, व विना परवाना मीठ करणें हा गुन्हा होता. मासळीच्या धंद्यास हा कर झेपत नाहीं हें सरकारासहि पुढें पटलें, आणि रत्नागिरी व कारवार या जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मासळी खारविण्याचीं सरकारी आवारें काढून तेथें स्वस्त दरानें मीठ देण्याची व्यवस्था झाली. आवाराबाहेरचें मीठ मात्र, म्हणजे घरच्या पेजेंत व आंबोशींत पडणारें, पूर्ण करासह घ्यावें लागे. सरकारचा खर्च वाढला किंवा घटला याची वार्ता कोंकणांतल्या अशिक्षित माणसासहि कळण्याचें हें एक साधन होतें. अर्थसंकल्प त्यानें कधीं पाहिला नसेल, पण त्याचा शेवटचा आंकडा त्याच्या मडक्यांत येऊन पडत असे.

१८८५ च्या अखेरीस ब्रह्मदेशाशीं तिसरें युद्ध झालें. युद्धाचा व त्यानंतर तो मुलूख ताब्यांत ठेवण्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या राष्ट्रसभेच्या पहिल्या बैठकींत लष्करी खर्चाच्या वाढीविरुद्ध व उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्धहि ठराव झाले. परंतु राष्ट्रसभेच्या ठरावास तेव्हां अर्जाहून अधिक किंमत नव्हती. इकडे रुपयाचा भाव विलायती सोन्याच्या मानानें घसरत होता, त्यामुळें विलायतेंत भरावयाच्या रकमांचाहि बोजा वाढला. १८८६ त प्राप्तीवरील कराचा कायदा झाला. तेवढ्यानें भागेना, तेव्हां १८८८ च्या जानेवारींत मिठावरील कर मणीं दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यांत आला.

पदच्युत झालेला राजा थिबा १८८६ त रत्नागिरीस आणून ठेवला होता. तो तेथेंच १९१६ त वारला. त्याच्यासाठीं बांधलेला व १९१० त पुरा झालेला वाडा अद्याप उभा आहे. आरे-वाऱ्याहून रत्नागिरीस येणाऱ्या प्रवाशास तो अगत्यानें दाखविण्यांत येतो. त्या राजाच्या लढाईचा भुर्दंड ज्या मिठांतून वसूल झाला, त्याची आठवण मात्र कोणी देत नाहीं.

येथें अभ्यासकानें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलांत १८८४ त रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांची नेमणूक झाली होती. धर्मशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथांमुळें ते आमच्या वाचकांस परिचित आहेतच. परंतु १८६१ च्या कायद्यान्वयें कौन्सिलाचें काम कायदे करण्यापुरतेंच होतें. सरकारच्या जमाखर्चाविषयीं तोंड उघडावयाचें तर त्यासाठीं एखाद्या नव्या कराचा मसुदा पुढें यावा लागे. १८८६ चा प्राप्तीवरील कर हा नवा कायदा होता, म्हणून त्यावर बोलतां आलें. १८८८ ची मिठावरील वाढ १८८२ च्या जुन्या कायद्यानें दिलेल्या अधिकारांत केवळ हुकुमानें करतां आली, म्हणून कौन्सिलास विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. गरिबांवरील कर मुक्यानें वाढला आणि सुखवस्तूंवरील कर चर्चेनंतर बसला. त्या वर्षींचें कौन्सिलाचें कामकाज चाळून ‘मिठाविषयीं कोणीच कसें बोललें नाहीं?’ असा आक्षेप कोणी घेतल्यास तो साधनें न समजल्याचा परिणाम होय.

सरकारास काटछाट करण्याची कला अवगत नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. दक्षिणेंत इनाम कमिशननें १८५२ च्या कायद्यान्वयें घरोघरच्या सनदा मागवून वतनें, वर्षासनें व देवस्थानांचीं उत्पन्नें यांची जी छाननी केली, ती खर्चाची काटछाटच होती, व ती मोठ्या चिकाटीनें करण्यांत आली. आमच्या संग्राहकांच्या हातीं आज येणारे कित्येक सनदांचे तर्जुमे व कैफियती त्या छाननीचेच अवशेष आहेत. ज्यांस बोलण्याची जागा नव्हती त्यांच्याच बाबतींत ही कात्री चालली, एवढें नमूद करून आम्ही पुढें जातों.

१८९२ च्या कायद्यानें कौन्सिलाच्या सभासदांस वर्षांतून एकदां अर्थसंकल्पावर बोलण्याची परवानगी मिळाली. ठराव मांडण्याची नाहीं, मत देण्याची नाहीं; बोलण्याची. या परवानगीचें जें कांहीं सोनें झालें तें रत्नागिरी जिल्ह्यांतल्याच एका गृहस्थाच्या हातून. गुहागरजवळील कोतळूक येथें ९ मे १८६६ रोजीं जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले हे १८९७ त विलायतेस जाऊन हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें डेक्कन सभेतर्फे साक्ष देऊन आले होते. कर देणारांचा खर्चावर कोणताहि घटनात्मक दाब नाहीं, हा त्या साक्षीचा गाभा. २६ मार्च १९०२ रोजीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत त्यांनीं अर्थसंकल्पावर पहिलें भाषण केलें. दुष्काळ व प्लेग यांनीं देश गांजला असतां सरकारी तिजोरींत शिल्लक पडते, ती लोकांच्या भरभराटीची खूण नसून कर गरजेपेक्षां जड असल्याची खूण आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. हीं भाषणें तयार करण्यास सोलापूरकडे शिक्षक म्हणून असलेले रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी यांचें साहाय्य होई. आंकडेशास्त्राचें ज्ञान व सरकारी अहवाल वाचण्याची सहनशक्ति या दोन्ही गुणांत जोशांच्या तोडीचा माणूस त्या पिढींत विरळा. त्यांचे लेख व भाषणें १९१२ त पुण्यास ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. तो ग्रंथ ज्यांच्या कपाटांत असेल त्यांनीं तो जपून ठेवावा.

गोखले यांच्या भाषणांची पद्धति समजण्यास अर्थसंकल्पाची रचना ठाऊक असली पाहिजे. सरकारी अर्थसंकल्पांत एका बाबीपुढें तीन वर्षांचे आंकडे असतात: गेल्या पुऱ्या झालेल्या वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च, चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज व पुढील वर्षाचा नुसता अंदाज. सामान्य वाचक तिसरा आंकडा पाहून थांबतो. गोखले पहिला व तिसरा ताडून पाहात, आणि तेंहि एका वर्षापुरतें नव्हे, तर वीस-वीस वर्षांचे. जमेचा अंदाज हात राखून केला म्हणजे वर्षअखेर शिल्लक उरते, आणि शिल्लक उरली कीं खात्यांस नव्या खर्चाची भूक लागते, हें त्या ताडण्यांतूनच दिसून येतें. ज्यांस कीर्द-खतावणीवरून एखाद्या घराण्याचा उदयास्त लावण्याची संवय आहे, त्यांस ही रीत नवी वाटूं नये.

या भाषणांचा उपयोग झाला काय? मिठावरील कर १९०३ त अडीचाचा दोन रुपये झाला, १९०५ त दीड, आणि १९०७ त एक रुपया. इतकी खालची पातळी त्यानंतर पुन्हां राहिली नाहीं. याचें सारें श्रेय एकट्या गोखल्यांस देणें बरोबर नाहीं, कारण तिजोरी भरलेली होती म्हणूनच कर उतरवितां आला. खर्चाच्या बाजूस मात्र त्यांचा शब्द चालला नाहीं. कर कमी होणें आणि खर्च कमी होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्यांच्या चरित्रकारांनीं पुष्कळदां विसरावें याचें आम्हांस नवल वाटतें.

१९०९ च्या सुधारणांनीं ठराव मांडण्याची व त्यावर मतें घेण्याची सोय झाली. त्याबरोबरच लष्कर, कर्जावरील व्याज, सरकारी रेल्वे, ख्रिस्ती धर्मखातें अशा बाबी चर्चेच्या कक्षेबाहेर काढून ठेवण्यांत आल्या. म्हणजे जेथें मांस होतें तेथें सुरी न्यावयाची नाहीं असें ठरलें. १९११ च्या जानेवारींत गोखले यांनीं सरकारी खर्चाच्या अलीकडील वाढीच्या कारणांची सरकारी व बिनसरकारी सभासदांच्या मंडळाकडून उघड चौकशी व्हावी असा ठराव मांडला. तो संमत झाला नाहीं. आणि झाला असता तरी सरकारवर बंधनकारक नव्हता. कौन्सिलाच्या कामकाजाच्या पुस्तकांत हें भाषण ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं तें अवश्य वाचावें. त्यांत आरडाओरड नाहीं, आणि बोलणाराचा वीट तर शब्दाशब्दांत आहे.

पेशवाईच्या दप्तरांशीं परिचय असलेल्या वाचकांस येथें एक तुलना सुचेल. मामलेदाराच्या कचेरींत दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस व इतर. पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची सही लागे. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वीं ते मुजुमदारानें पसंत करावयाचे. फडणिसानें कागदांवर तारीख घालावयाची. दप्तरदारानें महिन्याचा गोषवारा हुजूर पाठवावयाचा. या मंडळींस मामलेदार काढून टाकूं शकत नसे. भाषण करण्याची त्यांस जरूर नव्हती. सही न करणें पुरेसें होतें. उलट कलकत्त्याच्या कौन्सिलांत विद्वत्ता होती, वक्तृत्व होतें, आंकडे होते; सही नव्हती. आतां दरकदारांची पद्धत नेहमीं निर्मळ चालली असें आम्ही म्हणत नाहीं. एल्फिन्स्टननें १८१९ त लिहिलेल्या अहवालांत ‘दरबारखर्च’ या बाबीचें मासलेवाईक वर्णन आहे: आरंभीं जी कारभाऱ्यांस व हिशेबतपासणारांस द्यावयाची गुप्त देणगी होती, तिला पुढें ठरीव रकमेचें रूप येऊन ती हिशेबांत उजळ माथ्यानें बसली, आणि मग तिच्या आड दुसरी गुप्त देणगी ‘अंतस्थ’ या नांवानें सुरू झाली. सही ज्याच्या हातीं आहे त्यासच वाटा मिळाला म्हणजे सहीचा कांहीं उपयोग नाहीं. हा मुद्दा आम्हांस पुढें लागणार आहे.

१९१९ च्या कायद्यानें सही प्रथमच सभासदांच्या हातीं आली, पण अर्धी. खर्चाच्या मागण्या दिल्लीच्या असेंब्लीपुढें मतास टाकाव्या असें ठरलें. मात्र कर्जाचें व्याज, संरक्षण, परराष्ट्रीय व धर्मखातें, आणि विलायतेहून नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार या रकमांवर मत घेतां येत नसे. असेंब्लीनें नाकारलेली मागणी गव्हर्नर-जनरलास पुन्हां घालतां येई, आणि नाकारलेलें बिल स्वतःच्या दाखल्यानें मंजूर करतां येई. महायुद्धानंतर तूट पडूं लागली, तेव्हां १९२२ त लॉर्ड इंचकेप या जहाज कंपनीच्या धन्याच्या अध्यक्षतेखालीं काटकसर समिति नेमण्यांत आली. तिनें १९२३ च्या आरंभीं सुमारें १९ कोटि रुपयांची छाट सुचविली. त्यांत मोठा भाग लष्कराचा होता. तरीहि त्याच मार्चांत फडणिशीचे सभासद सर बेझिल ब्लॅकेट यांनीं तूट भरून काढण्यासाठीं मिठावरील कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचें सुचविलें. असेंब्लीनें तें नाकारलें. लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या दाखल्यानें तो कर बसविला. पुढच्या वर्षीं तो पुन्हां सव्वा रुपया झाला, आणि अखेर १९४७ त मिठावरील कर समूळ गेला.

१८८८ च्या हुकुमांत आणि १९२३ च्या दाखल्यांत मणाचा दर योगायोगानें तोच आहे, अडीच रुपये. आरे-वाऱ्याच्या माणसाच्या दृष्टीनें दोहोंत कांहींच फरक नव्हता. इतिहासाच्या दृष्टीनें फरक मोठा आहे: पहिल्या खेपेस सभासदांस कोणी विचारलें नाहीं, दुसऱ्या खेपेस त्यांनीं स्पष्ट नकार दिला व तो मोडावा लागला. ज्या नकाराला मोडण्यासाठीं व्हाइसरॉयास स्वतःच्या नांवानें पुढें यावें लागतें, तो नकार निष्फळ असला तरी कागदावर उमटतो, आणि कागदावर उमटलेलें केव्हां तरी वाचलें जातें.

आतां आजची स्थिति. राज्यघटनेच्या ११३ व्या कलमान्वयें लोकसभेस, व २०३ व्या कलमान्वयें विधानसभेस, कोणतीहि मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करून मान्य करण्याचा अधिकार आहे. वाढविण्याचा नाहीं. जें गोखल्यांस मिळालें नाहीं तें यांस पूर्णपणें मिळालेलें आहे. ‘भारित’ खर्च म्हणजे व्याज, न्यायाधीशांचे पगार वगैरे तेवढे मताबाहेर आहेत. मताबाहेरच्या खर्चाची ही कल्पना १९१९ च्या कायद्याची वारस आहे हें सांगावयास नकोच. तिचा एक परिणाम असा कीं, कर्ज जितकें वाढेल तितका सभागृहाच्या मतापलीकडचा खर्चहि वाढतो. कपात सूचना मांडण्याची रीतहि आहे: धोरणाच्या निषेधार्थ मागणी एक रुपयावर आणण्याची, काटकसरीसाठीं ठराविक रकमेची, व गाऱ्हाणें मांडण्यासाठीं शंभर रुपयांची. असें असतां १४ मार्च २०१८ रोजीं लोकसभेनें केंद्र सरकारच्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मंजूर केल्या. महाराष्ट्रांत २०२४ च्या पावसाळी अधिवेशनांत ९४,८८९ कोटि रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. मूळ अर्थसंकल्पाची शाई वाळण्यापूर्वीं एवढी पुरवणी लागावी, तर मूळ अंदाजास अंदाज तरी कां म्हणावें?

याचें कारण सभासदांच्या आळसांत शोधणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. कपात सूचना मंजूर झाली तर तो मंत्रिमंडळाचा पराभव समजला जातो. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणाऱ्या सभासदाचें पद जाऊं शकतें. तेव्हां सत्तापक्षाच्या सभासदास रकमेविरुद्ध मत देणें म्हणजे स्वतःच्या जागेविरुद्ध मत देणें होतें. सही त्याच्या हातीं, पण तो वाटेकरी. दरबारखर्चाची गोष्ट आम्हीं वर याचसाठीं सांगितली. शिवाय मतदारहि निर्दोष नाहींत. किनाऱ्यावरील गांवांस रस्ता हवा, खाडीवर पूल हवा, धूप थांबविण्यास बंधारा हवा. यांतला एकहि खर्च वायफळ म्हणण्याची आमची छाती नाहीं. काटछाट सर्वांस हवी असते, फक्त ती शेजारच्या तालुक्यांत. तरीहि मागणीवर एक तासहि चर्चा न होणें याचें समर्थन यांतल्या कोणत्याहि कारणानें होत नाहीं. चर्चेला पक्षादेश आड येत नाहीं.

राहतां राहिला संग्राहकांचा प्रश्न. मोडी कागदाचा अर्धा बंद मिळाला तरी आमची मंडळी तो पुठ्ठ्यांत घालून ठेवतात, आणि कौन्सिलांच्या कामकाजाचे खंड, अर्थसंकल्पाच्या छापील प्रती, जिल्हा लोकल बोर्डाचे अंदाज हे रद्दींत जातात. छापील आहे म्हणजे कोठें तरी असेलच, ही समजूत घातक आहे. पुण्यास भारत सेवक समाजाच्या ग्रंथालयांत सरकारी अहवालांचा मोठा संग्रह आहे, व गोखले यांचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. पण तेवढ्यानें गांवची बाजू कळत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक गांवें खोतीचीं होतीं, आणि खोतांच्या व सावकारांच्या घरीं घरखर्चाच्या वह्या पिढ्यान्पिढ्या ठेवल्या जात. त्यांत मिठाच्या खरेदीच्या नोंदी असतात. १८८८ चा जानेवारी, १९०३, १९०५ व १९०७ चे मार्च, आणि १९२३ व १९२४ चे मार्च या सहा तारखांच्या आगेमागें मिठाचा भाव काय पडला, हें दोन-चार वह्यांतून जरी निघालें तरी कर उतरल्याचा लाभ घरापर्यंत पोंचला कीं मध्येंच वाण्याकडे राहिला, हें ठरवितां येईल. आरे, वारे, नेवरें, मालगुंड या पट्ट्यांत ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या असतील त्यांनीं त्यांतील नोंदी उतरून आम्हांकडे पाठवाव्या. उतरतांना माप काय आहे तें जसेंच्या तसें लिहावें. सरकारचा कर चाळीस शेरी मणावर होता, आणि गांवांत मीठ पायलीनें विकलें जाई.